पावलांखालची हिरवळ



गणेशोत्सव संपतो, पावसाचा जोर ओसरतो, आणि दोन-अडीच महिने चिखलामुळे दुरूनच पाहिलेल्या अंगणातल्या हिरवळीकडे आपले पाय पुन्हा वळू लागतात. ज्या दूर्वा आपण गणपतीला भक्तिभावाने वाहतो, त्यांनाच शेतकरी हरळी म्हणतो आणि शेतातून ती उपटता उपटता मेटाकुटीला येतो. घरापुढे आपण हौसेने ‘लॉन’ लावतो, तीही पुष्कळदा याच वनस्पतीची एखादी निवडक जात असते. पेरापेराला मुळे फोडत पसरणारे, कडक उन्हात वाळून पहिल्या पावसात पुन्हा हिरवे होणारे हे गवत मुळात चिवट आहे. त्याला थोडीच निगा लागते. मात्र ती ऋतू ओळखून करावी लागते. ज्या घरात वडीलधारी माणसे आहेत, तेथे ही निगा आणखी एका दृष्टीने करणे आवश्यक असते. ती दृष्टी आम्हांला एका चुकीने शिकवली.

गेल्या वर्षी याच दिवसांतली गोष्ट. माझ्या सासूबाईंचे वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर होते आणि मधुमेह वीस वर्षांचा. पहाटेच्या दवात अनवाणी फिरण्याचा त्यांचा जुना नेम होता. हिरवळ दृष्ट लागावी अशी हिरवीगार होती. खत घातलेले, कापणी वेळच्या वेळी झालेली. पण कडेला सराट्याचा एक वेल पसरला होता, त्याकडे कुणाचे लक्ष गेले नव्हते. त्याचा काटा त्यांच्या अंगठ्याखाली रुतला, आणि त्यांना तो कळलाच नाही. तिसऱ्या दिवशी पायमोज्यावर डाग दिसला, तेव्हा आत पू झालेला होता. अंगठा वाचला, पण जखम भरायला अडीच महिने लागले आणि ती दिवाळी त्यांनी पलंगावर काढली. हिरवळीच्या रंगावर आम्ही खर्च केला होता. तिच्यावर कोणाची पावले पडणार आहेत, याचा विचार मात्र केला नव्हता. आजचे हे टिपण त्या विचाराने लिहिले आहे.

पाऊस ओसरताना

पावसाच्या माऱ्याने माती घट्ट बसते. पाणी मुरत नाही, मुळांना हवा मिळत नाही, आणि सावलीच्या जागी गवत विरळ होऊन शेवाळ धरते. ज्येष्ठांच्या दृष्टीने हा वर्षातला सर्वांत निसरडा काळ होय. हिरवळीवर झुकलेल्या फांद्या छाटून ऊन खाली येऊ द्यावे. माती वाफशावर आली, की बागेच्या काट्याने वीतभर अंतरावर चार बोटे खोल भोके पाडावीत आणि वरून चाळलेले, पूर्ण कुजलेले कंपोस्ट व जाड वाळू यांचा अर्ध्या सेंटीमीटरचा थर पसरून झाडूने सारखा करावा. शेणखत ताजे नसावे. माती-खताचे काम करणाऱ्या घरातील प्रत्येकाने धनुर्वाताची लस आपल्या डॉक्टरांना विचारून वेळेवर घ्यावी.

पायवाटेच्या फरशीवरील शेवाळ ताठ ब्रशने व ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने घासून धुवावे. मात्र ब्लीचिंग पावडर आणि फरशीचे ॲसिड कधीही एकत्र करू नये. त्यातून निघणारा क्लोरीन वायू फुप्फुसांना घातक असतो.

कापणीचा नियम सोपा आहे: एका वेळी पात्याच्या उंचीच्या एक तृतीयांशाहून अधिक कापू नये आणि गवत साधारण तीन-चार सेंटीमीटर राहू द्यावे. फार खोलवर कापले, तर उघड्या पडलेल्या मातीत तण लवकर रुजते. फार वाढू दिले, तर खालचे खड्डे, दगड आणि जीवजंतू दिसत नाहीत. विजेचे यंत्र ओल्या गवतावर चालवू नये.

हिवाळ्यात

पुणे, नाशिक, विदर्भ या भागांत रात्री गार होऊ लागल्या, की हिरवळ मंदावते आणि तिच्यावर पिवळसर झाक येते. हा रोग नव्हे. ही तिची विश्रांती आहे. अशा वेळी ‘हिरवेपणा’ आणण्यासाठी युरिया टाकणे व्यर्थ असते. पाणी सात-आठ दिवसांनी पुरे. कापणीही क्वचितच लागते.

ज्येष्ठांनीही या दिवसांत पहाटेची घाई करू नये. दमा, हृदयविकार किंवा सांधेदुखी असेल, तर ऊन वर येऊन दव सुकल्यावर फिरावे. हिरवळ गुडघ्यांना मऊ वाटते, हे खरे. पण ती सपाट नसते. ज्यांचा तोल जातो, त्यांनी काठी किंवा कुणाचा तरी हात सोबत ठेवावा. गवतात दडलेले खड्डे बुजवण्यास हीच वेळ योग्य आहे.

उन्हाळ्यात

रोज थोडे पाणी शिंपडण्याची सवय हिरवळीला दुबळी करते. मुळे वरच्या वर राहतात. आठवड्यातून दोनदा, पण खोलवर मुरेल असे पाणी द्यावे, आणि तेही पहाटे. संध्याकाळी दिलेल्या पाण्याने पाती रात्रभर ओली राहतात व बुरशीला वाव मिळतो. साधारण अडीच सेंटीमीटर पाणी आठवड्याला लागते, म्हणजे चौरस मीटरला २५ लिटर. दहा चौरस मीटरच्या छोट्या तुकड्यालाही आठवड्याला २५० लिटर झाले. ज्या गावात टँकरची वाट पाहावी लागते, तेथे एवढे पाणी गवताला घालणे आपल्यापैकी कुणाच्याही मनाला पटणार नाही. तेव्हा निःसंकोचपणे हिरवळ वाळू द्यावी. हरळीच्या जातीची असेल, तर जमिनीतील खोडे जिवंत राहतात आणि मृगाच्या सरींबरोबर ती परत उभी राहते. भाज्या-तांदूळ धुतलेले पाणी घालता येईल. साबणाचे मात्र नको.

पाणी घालणारे हात वयस्क असतील, तर पाइप वाटेत पसरलेला राहू देऊ नये; त्यात पाय अडकून पडण्याचे प्रसंग फार घडतात. बागेतले काम नऊच्या आत आटोपावे.

पहिल्या सरींच्या सुमारास

मे-जूनमध्ये पहिला पाऊस झाला, की संध्याकाळी हुमणीचे तपकिरी भुंगेरे कडुनिंब, बाभूळ अशा झाडांवर जमतात. त्यांच्या मातीतल्या पांढऱ्या अळ्या पुढे पावसाळाभर गवताची मुळे खातात. मग हिरवळीचा तुकडा चटईसारखा हातात उचलून येतो. दिव्याखाली पाण्याचे घमेले ठेवून त्यात थोडे रॉकेल घातले, तर भुंगेरे त्यात पडतात. मेटॅऱ्हिझियम ही उपयुक्त बुरशी कंपोस्टमध्ये मिसळून जून-जुलैत पसरल्याने अळ्यांना आळा बसतो.

तण उपटण्यासही ओली माती चांगली. लव्हाळ्याच्या जमिनीतील गाठी खुरप्याने खणून काढाव्यात. वरचे पाते तोडले, तर तो पुन्हा फुटतो. गाजरगवत फुलावर येण्यापूर्वीच, हातमोजे घालून उपटावे. त्याच्या संपर्काने अंगावर खाज व चट्टे उठतात, आणि परागकणांनी दमेकऱ्यांचा त्रास वाढतो. सराटा तर पिवळी फुले दिसताच मुळासकट काढावा. हे काम ज्येष्ठांनाही करता येते: खाली वाकण्याऐवजी छोट्या स्टुलावर बसून, दिवसाला पंधरा मिनिटे.

पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून, पायाच्या एखाद्या चिरेवाटे लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग होऊ शकतो. २००५ च्या महापुरानंतर मुंबईने त्याची साथ अनुभवली. गवत-झुडपांतील सूक्ष्म किड्यांच्या चाव्याने होणारा स्क्रब टायफस २०१८ साली नागपूर परिसरात आढळला होता. त्यात चावल्या जागी कधीकधी काळी खपली दिसते. म्हणून या दिवसांत ताप आला, तर ‘मी गवतात काम करतो’, हे डॉक्टरांना आपण होऊन सांगावे. पालापाचोळा व विटांचे ढीग कडेला ठेवू नयेत. तेथे उंदीर येतात आणि त्यांच्यामागे साप. अंधारात टॉर्च व काठीशिवाय गवतात पाऊल टाकू नये.

औषध फवारण्यापूर्वी

हिरवळीवर एक डाग दिसला, की ‘काहीतरी मारून टाका’, असे आपण माळ्याला सांगतो. आधी पाहावे: पाणी साचते का? सावली फार आहे का? कापणी खोल झाली का? बहुतेक डागांचे उत्तर यांतच असते. कीटकनाशकांचा धोका किती असतो, हे २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणाऱ्या शेतमजुरांच्या मृत्यूंनी महाराष्ट्राला दाखवून दिले. घरची हिरवळ हे कुणाचे पोट भरणारे पीक नव्हे; तिच्यासाठी हा धोका क्वचितच पत्करावा.

फवारणी करावीच लागली, तर वेष्टनावर लिहिलेलेच प्रमाण घ्यावे, वारा नसताना फवारावे, आणि सांगितलेली मुदत संपेपर्यंत ज्येष्ठांनी, नातवंडांनी व पाळीव प्राण्यांनी तेथे जाऊ नये. उरलेले औषध शीतपेयाच्या बाटलीत कधीही ओतून ठेवू नये. फवारणीनंतर कुणाला घाम, लाळ, उलट्या, अंधुक दिसणे, धाप अशी लक्षणे दिसली, तर घरगुती उपाय न करता १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी आणि औषधाचे वेष्टन सोबत न्यावे.

अनवाणी चालावे का?

हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या मनात असेल. दवात चालल्याने चष्म्याचा नंबर कमी होतो, या समजुतीला वैद्यकीय आधार नाही. पायांना मिळणारा गारवा आणि मनाला वाटणारी प्रसन्नता मात्र खरी आहे. ज्यांच्या तळव्यांची संवेदना शाबूत आहे, त्यांनी स्वच्छ, पाहून घेतलेल्या हिरवळीवर थोडे फिरावे. मधुमेह असेल, पायांना मुंग्या येत असतील किंवा बधिरपणा असेल, तर अनवाणी चालणे सोडून द्यावे आणि पाऊल झाकणारे, मऊ तळाचे बूट वापरावेत. बूट घालण्यापूर्वी आत हात घालून खडा वा काटा नाही ना, हे पाहावे. रोज रात्री तळवे व बोटांमधील सांधे नीट तपासावेत. स्वतःला दिसत नसेल, तर आरशाचा किंवा घरातल्या कुणाचा आधार घ्यावा. काळजीवाहकांनो, हे दोन मिनिटांचे काम आपले आहे.

सासूबाईंनी अनवाणी फिरण्याचा नेम सोडला. त्याचे त्यांना दुःख झाले, हे मी लपवत नाही. आता त्या बूट घालून फिरतात आणि मग स्टुलावर बसून कडेचे तण काढतात. परवा त्यांनी सराट्याचे एक कोवळे रोप शोधून काढले आणि मला बोलावून दाखवले. आपणही या आठवड्यात आपल्या हिरवळीची एक फेरी मारावी. चष्मा लावून, आणि कडेकडेने.