हिरवे अंगण : बोगनवेलीचे बिऱ्हाड

वीस वर्षांपूर्वी आमचे बिऱ्हाड नेरूळला आले, तेव्हा वडिलांनी रो-हाउसच्या फाटकाशी बोगनवेलीचे एक रोप लावले. पुढे त्याचे झुडूप पहिल्या मजल्याच्या सज्जाला टेकले. खाडीवरचे खारे वारे, वैशाखातले ऊन, कधी विसरलेले पाणी; त्याने कशाचीच तक्रार केली नाही. दुकान बंद करून परतताना वडील आधी त्या झुडपाकडे पाहत आणि मग दार उघडत. वडील गेले, यंदा घर पाडून नवे बांधण्याची वेळ आली. सामान हलवता येते, पण वीस वर्षे मुरलेले मूळ कसे हलवावे?

वाचकहो, बोगनवेल मूळची दक्षिण अमेरिकेतली. अठराव्या शतकातील फ्रेंच दर्यावर्दी बोगनव्हिल यांच्या नावावरून तिला नाव मिळाले. आपण जिला फुले म्हणतो ती खरे तर रंगीत पाने, म्हणजे छदे. खरे फूल त्यांच्या मधोमध इवल्या पांढुरक्या नळीसारखे असते. आपल्या बागांतील पुष्कळ जाती संकरित आहेत. त्यांतील एक प्रसिद्ध संकर १९१०च्या सुमारास कोलंबियातील कार्ताहेना येथे श्रीमती बट यांना आढळला आणि त्यांच्याच नावाने ओळखला गेला. या संकरात बी सहसा धरत नाही. फांदीवाचून तिचा वंश पुढे चालत नाही.

हीच आमची अडचण होती. घर मार्गशीर्षात रिकामे करायचे होते. छाट कलमांना पावसाळा सोयीचा, म्हणून मी श्रावणातच कात्री काढली; परंतु आई म्हणाली, “चातुर्मासात हिरव्या फांदीला हात लावू नकोस. कार्तिकी पौर्णिमा होऊ दे.” मी थांबलो. पौर्णिमेनंतर तिनेच फांद्या निवडल्या, आणि हव्या तेवढ्याच कापायला सांगितल्या. जयणा म्हणतात ती हीच असावी.

पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, पक्व फांद्यांचे वीतभर लांबीचे बारा तुकडे घेतले. प्रत्येकावर तीन-चार डोळे ठेवले, पाने काढली आणि खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली तिरका दिला. निम्मी जाड वाळू व निम्मी लाल माती भरलेल्या पिशव्यांत ते खोचून सावलीत ठेवले. माती ओलसर राहील एवढेच पाणी घातले. डोळे फुटले की मूळ आले असे समजू नये. कोंब साठवलेल्या अन्नावरही फुटतात. सहा ते आठ आठवडे धीर धरावा. बोगनवेलीची मुळे फार ठिसूळ असतात, म्हणून कुंडीत लावताना मातीचा गोळा फुटू देऊ नये.

बारांपैकी सात जगली.

आता पुढची निगा. झाडाला रोज पाच-सहा तास थेट ऊन हवे. सावलीत केवळ पाने वाढतात. पाणी व खत अति झाले तरी तेच घडते. शेणखत बेताने घालावे, आणि वरची माती सुकल्यावरच पाणी द्यावे. नवी मुंबईच्या पावसात कुंडी विटांवर ठेवावी, म्हणजे तळाशी पाणी साचून मुळे कुजणार नाहीत. फुलोरा नव्या फांद्यांवर येतो; म्हणून बहर ओसरला की शेंडे हलके छाटावेत. काटे असतात, तेव्हा ये-जा करण्याच्या वाटेपासून हातभर दूरच लावावे. कीड फारशी लागत नाही. चार पाने कुरतडलेली दिसली तरी फवारणीचा पंप काढू नये, नवी पालवी ती उणीव भरून काढते.

जुने झुडूप आम्हांला वाचवता आले नाही. घर सोडताना आई फाटकाशी क्षणभर उभी राहिली. बोलली काहीच नाही. सात रोपांपैकी दोन भाड्याच्या घराच्या सज्जात आहेत, पाच शेजाऱ्यांना दिली. परवा एका कुंडीत पहिले राणी रंगाचे छद उमलले. दुकानातून परतलो तेव्हा आईने दार उघडताच सज्जाकडे बोट दाखवले.