वार्धक्याचा घरखर्च

रुग्णालयातून माणूस घरी आला की आजारपण संपले, असे मानण्याची आपल्याकडे रीत आहे. नातेवाईक फळे घेऊन भेटून जातात, विम्याची कागदपत्रे फायलीत लागतात आणि घरातला कर्ता पुरुष पुन्हा आपल्या कामावर रुजू होतो. वृद्धांच्या बाबतीत वस्तुस्थिती नेमकी उलटी असते. खुब्याचे हाड मोडलेली अठ्ठ्याहत्तर वर्षांची स्त्री शस्त्रक्रियेनंतर आठवडाभरात घरी येते, आणि खरे आजारपण तेथून सुरू होते. पुढच्या महिन्यांतील माणूसबळ, वेळ आणि पैसा यांची तरतूद ना सरकारी योजनेत असते, ना विम्याच्या कागदात. प्रस्तुत लेखकाच्या घरी आईच्या निमित्ताने गेल्या वर्षी हा अनुभव आला. तो एकट्याचा असता तर वर्तमानपत्राची जागा अडवण्याचे कारण नव्हते. परंतु २०११ च्या जनगणनेतच देशात साठीपुढील माणसे दहा कोटींहून अधिक होती, आणि त्यानंतर त्यांचे प्रमाण वाढतच गेले आहे. शिक्षकांच्या खोलीत किंवा कचेरीतल्या मधल्या सुटीत हा विषय काढून पाहावा. दहापैकी चार-पाच जणांच्या घरी हीच कथा निघते.

प्रथम औषधांविषयी. घरी परतताना हाती पडलेल्या कागदावर नऊ औषधे होती. रक्तदाब, मधुमेह आणि थायरॉईड यांच्या गोळ्यांचा एक जुना डबा घरात होताच. नव्या कागदात टेल्मिसार्टन आणि ॲम्लोडिपिन एकत्र असलेली गोळी होती. जुन्या डब्यात ॲम्लोडिपिन निराळ्या व्यापारी नावाने बसलेले होते. जुनी गोळी बंद करावी असे कोणी लिहिले नव्हते. कोणी सांगितले असलेच, तर ते निघण्याच्या गडबडीत आमच्या कानांपर्यंत पोचले नाही. अकरा दिवस आई एकाच औषधाची दुहेरी मात्रा घेत होती. पाय सुजले, उठून बसताना डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. शस्त्रक्रियेनंतरचा अशक्तपणा असेल, असे समजून आम्ही तिला नाचणीची पेज देत राहिलो. अखेर पत्नीने एका दुपारी सगळ्या पट्ट्या टेबलावर ओळीने मांडल्या, बारीक अक्षरांतली नावे भिंगाने वाचली आणि एकच नाव दोनदा आलेले तिच्या ध्यानात आले. डॉक्टरांना विचारून एक गोळी बंद केली आणि हळूहळू सूज उतरली. त्या अकरा दिवसांत अंधारी येऊन ती पुन्हा पडली असती तर काय झाले असते, याचा विचार आजही करवत नाही.

ही चूक कोणा एकाच्या निष्काळजीपणाची होती, असे म्हणून सुटता येत नाही. पूर्वी एकच फॅमिली डॉक्टर घराच्या तीन पिढ्या ओळखून असे. आज हाडांचे डॉक्टर निराळे, मधुमेहाचे निराळे, हृदयाचे निराळे; प्रत्येकाची फाईल स्वतंत्र. या सर्व फायली जेथे एकत्र येतात ती जागा म्हणजे घरातला गोळ्यांचा डबा, आणि त्या डब्याचा कारभार पाहणाऱ्याला कोणीही काही शिकवलेले नसते. थायरॉईडची गोळी उपाशीपोटी घ्यावयाची आणि हाड मोडल्यावर सुरू झालेली कॅल्शियमची गोळी तिच्यापासून चार तास दूर ठेवावयाची, हे किती घरांत ठाऊक असते? संकष्टीला चंद्रोदयापर्यंत उपाशी राहणारी आजी साखरेची गोळी मात्र सकाळी नेमाने घेते, आणि संध्याकाळी तिला दरदरून घाम फुटला की घरचे लोक उन्हाला दोष देतात. गुडघ्यासाठी दुकानातून परभारे आणलेली वेदनाशामक गोळी रक्तदाबाच्या काही औषधांबरोबर मूत्रपिंडाला अपाय करू शकते. झोपेच्या गोळीच्या गुंगीत म्हातारी माणसे रात्री न्हाणीघराकडे जाताना पडतात. त्यातच दुकानदार पट्टी कापून सहाच गोळ्या देतो, तेव्हा नाव एका तुकड्यावर राहते आणि मुदतीची तारीख दुसऱ्यावर. जनऔषधी केंद्रांमुळे औषधे पुष्कळ स्वस्त मिळू लागली हे खरे. पण गोळी नावाने नव्हे तर रंगाने ओळखणाऱ्या वृद्धाला पांढरीच्या जागी गुलाबी आली की ती नवीच वाटते. औषधांची मूळ नावे सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या लिपीत लिहावीत, अशी दुरुस्ती भारतीय वैद्यक परिषदेने आपल्या नियमांत २०१६ मध्ये केली. तिचे पालन कितपत होते, हे प्रत्येकाने आपापल्या घरातील कागद काढून पाहावे.

आता मनुष्यबळाकडे वळू. आईला उठवणे, अंग पुसणे, चालण्याचा सराव देणे यासाठी ब्युरोमार्फत एक मावशी ठेवली. बारा तासांच्या पाळीचे सातशे रुपये, म्हणजे महिन्याचे एकवीस हजार. त्यातून ब्युरो आपली दलाली कापून घेणार. औषधांचे साडेतीन हजार वेगळे. मध्यमवर्गीय घराला हा आकडा भोवळ आणणारा आहे आणि मावशीच्या दृष्टीने तो अपुरा आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. तिला साप्ताहिक सुटी नाही, आजारपणाची रजा नाही, निवृत्तिवेतन नाही. कोणतेही शिक्षण न देता तिला आमच्याकडे पाठवण्यात आले होते. माणसाला कुशीवर कसे वळवावे हे ती आधीच्या घरातील एका मरणासन्न गृहस्थांवर शिकली, असे तिनेच सांगितले. तिच्या घरी सासू अंथरुणाला खिळलेली आहे. तिच्याकडे दिवसा कोण पाहते, असे विचारले तेव्हा म्हणाली, "पोरगी बघते, नववीत आहे." ती पोरगी शाळेत कधी जाते, हे विचारण्याचे धैर्य झाले नाही.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकांना यात एक जुना सिद्धांत ओळखू येईल. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन यांनी १९६६ मध्ये नाट्यसंगीत व्यवसायाच्या अर्थकारणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. कारखान्यात यंत्रामुळे एका माणसाचे उत्पादन वर्षानुवर्षे वाढत जाते. परंतु चार वादकांसाठी लिहिलेली रचना वाजवण्यास शंभर वर्षांपूर्वी जेवढी माणसे आणि जेवढा वेळ लागे तेवढाच आजही लागतो. वादकांचे वेतन मात्र इतरांच्या बरोबरीने वाढावेच लागते, म्हणून संगीत सापेक्षतः महागच होत जाते. शुश्रूषेचेही तसेच आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी वळवावे लागते. पेशवाईतही हे काम दोन हातांचेच होते आणि आजही आहे. तेव्हा ही सेवा काळाबरोबर आपोआप स्वस्त होईल, ही आशा सोडलेली बरी. भार समाजाने वाटून घेतला नाही तर एक तर कुटुंब पिळले जाते किंवा मावशी पिळली जाते. सध्या दोघेही पिळले जात आहेत.

आणि जेथे मावशी परवडत नाही तेथे? तेथे हे काम घरातल्या बाईकडे जाते आणि फुकट होते. आपल्या स्वयंपाकिणीशी एखाद्याने लग्न केले तर राष्ट्रीय उत्पन्न घटते, हा पिगू यांचा दाखला आम्ही दरवर्षी वर्गात देतो आणि मुले दरवर्षी हसतात. तो विनोद नव्हता. केंद्र सरकारच्या २०२४ च्या कालविनियोग पाहणीनुसार १५ ते ५९ वयोगटातील ४१ टक्के स्त्रिया घरातील माणसांच्या सांभाळात भाग घेतात आणि त्यासाठी दिवसाला सुमारे १४० मिनिटे देतात. पुरुषांचे प्रमाण २१.४ टक्के आणि वेळ ७४ मिनिटे. यात मुलांच्या संगोपनाचा वाटा मोठा आहे हे मान्य केले, तरी पारडे कोणत्या बाजूला झुकते हे स्पष्ट आहे. आमच्या घरी रात्रीच्या पाळीसाठी माणूस ठेवणे शक्य नव्हते, तेव्हा शाळेत शिक्षिका असलेल्या पत्नीने तीन महिने बिनपगारी रजा घेतली. आई माझी होती. रजा तिनेच का घ्यावी, हा प्रश्न घरात कोणी विचारला नाही. वर्गात पिगू शिकवणाऱ्यानेही नाही.

शासन काहीच करीत नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तर वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत योजनेखाली वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची सोय झाली. हे पाऊल मोठे आहे. परंतु ती सोय रुग्णालयात दाखल होण्याशी बांधलेली आहे. सुटी मिळाल्यानंतर पंधरा दिवसांपर्यंतचा खर्च तीत बसतो, सोळाव्या दिवसापासून घर आणि नशीब. खाजगी विम्याची तऱ्हाही बहुधा अशीच. परिणामी खाटेवर लाखो रुपये खर्च करण्यास यंत्रणा तयार असते आणि ती खाट लागूच नये म्हणून रोज घ्यावयाच्या गोळीला तिच्याकडे पैसा नसतो. राज्याच्या श्रावणबाळ योजनेतून गरीब वृद्धाला महिना दीड हजार रुपये मिळतात. मावशीच्या दराने ते दोन दिवसांचे वेतन होते. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने मुलांकडून मिळू शकणाऱ्या निर्वाहभत्त्याची कमाल मर्यादा महिना दहा हजार ठरवली. त्यात पंधरा दिवसही भागत नाहीत. घरपोच शुश्रूषा पुरवणाऱ्या संस्थांचे नियमन करू पाहणारे दुरुस्ती विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले, पण ते कायद्यापर्यंत पोचले नाही.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे. आईबापांची सेवा हा हिशेबाचा विषय नाही, तो संस्कारांचा विषय आहे. ज्या समाजाने श्रावणबाळाला आदर्श मानले त्याने ब्युरोच्या पावत्या मांडू नयेत. हा आक्षेप घेणारी मंडळी बहुधा स्वतः रात्री उठत नाहीत, हा अनुभव बाजूला ठेवू. संस्कारांचे मोल कोण नाकारतो? परंतु संस्काराने ॲम्लोडिपिनची दुहेरी मात्रा ओळखता येत नाही आणि नोकरी करणाऱ्या घरात दुपारी दोनच्या गोळीला माणूस उभा राहत नाही. शिवाय एक गोष्ट या पिढीने लक्षात घ्यावी. माझ्या आईला वडिलांच्या मागे कुटुंबनिवृत्तिवेतन मिळते, म्हणून एवढा तरी खर्च पेलला. १ नोव्हेंबर २००५ नंतर राज्याच्या सेवेत आलेल्यांना ती जुनी निवृत्तिवेतन योजना लागू राहिली नाही. आमच्या वार्धक्यात हे गणित कशावर सुटणार?

मार्ग नाहीत असे नाही. केरळात १९९३ साली कोझिकोडे येथे वेदनाशामक आणि उपशामक सेवेचे काम सुरू झाले, पुढे मलप्पुरम जिल्ह्यात शेजारच्या स्वयंसेवकांची जाळी उभी राहिली आणि २००८ मध्ये राज्य सरकारने त्यासाठी स्वतंत्र धोरणच स्वीकारले. पंचायतीच्या पैशातून नेमलेली परिचारिका तेथे खाटेला खिळलेल्या रुग्णाच्या घरी जाते, जखम पाहते, औषधे तपासते. जपानने २००० सालापासून शुश्रूषेचा स्वतंत्र विमा काढला आणि चाळिशीपासूनच्या नागरिकांकडून त्याची वर्गणी घेतली. जपानची श्रीमंती आपल्याकडे नाही, पण केरळ काही परदेशात नाही. महाराष्ट्रात आशा कार्यकर्त्यांचे जाळे गावोगाव आहे. तथापि त्यांच्या तुटपुंज्या मानधनावर आणखी एक ओझे टाकणे हा मार्ग नव्हे. दोन-तीन जिल्ह्यांत गृहशुश्रूषेसाठी पगारी परिचारिका नेमून पाहाव्यात, मावशींना सहा-आठ आठवड्यांचे रीतसर शिक्षण आणि नोंदणी द्यावी, ब्युरोच्या दलालीवर मर्यादा घालावी, आणि मधुमेह-रक्तदाबाच्या रोजच्या औषधांचा समावेश आयुष्मान योजनेत करावा. सरकारी नोकरीत बालसंगोपनासाठी स्त्रियांना रजा आहे, हे योग्यच आहे. वृद्ध मातापित्यांसाठी तशी स्वतंत्र रजा असावी आणि ती मुलग्यांनीही घ्यावी अशा रीतीने तिचा नियम लिहावा.

या सर्वाला पैसा आणि वर्षे लागतील. एका गोष्टीला मात्र दोन्ही लागत नाहीत. वृद्ध रुग्णाला घरी पाठवताना रुग्णालयाने मराठीत, मोठ्या अक्षरांत एक पान द्यावे. त्यावर प्रत्येक गोळीचे मूळ नाव, ती कशासाठी, केव्हा, जेवणाआधी की नंतर. आणि त्याखाली घरच्या डब्यातील कोणत्या जुन्या गोळ्या बंद करावयाच्या त्यांची नावे. त्यासाठी घरचा डबा रुग्णालयात आणावयास सांगावे आणि सुटी मिळण्याच्या आदल्या दिवशी परिचारिकेने वीस मिनिटे तो समोर ठेवून बसावे. यासाठी कोणत्याही अर्थसंकल्पाची वाट पाहण्याचे कारण नाही. शहरातल्या एखाद्या मोठ्या रुग्णालयाने मनावर घेतले तर येत्या सोमवारपासून हे सुरू होऊ शकेल.