मुके नकाशे

गोदावरी कोणत्या दिशेने वाहते, हे गंगाखेडच्या मुलास नदीकाठीच कळते. त्यासाठी पुस्तक लागत नाही. पण ती कोठून येते, वाटेत कोणत्या नद्यांना पोटात घेते आणि पुढे कोठे जाते, हे मात्र त्यास नकाशावरूनच शिकावे लागते. तो मुलगा दृष्टिहीन असेल, तर त्या नकाशापाशी येऊन त्याचा भूगोल थांबतो. हे थांबणे दैवाचे नव्हे, आपल्या अनास्थेचे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

संगणकावरील अथवा मोबाइलवरील मजकूर मोठ्याने वाचून दाखविणारे स्क्रीन रीडर आज मराठीही वाचतात. त्यांपैकी एनव्हीडीए, ज्याचा आरंभ २००६ साली ऑस्ट्रेलियातील एका दृष्टिहीन तरुणाने केला, विनामूल्य मिळतो. बालभारतीची पाठ्यपुस्तकेही संगणकावर उपलब्ध आहेत. मग अडते कोठे? हे साधन अक्षरे वाचते. चित्रामागे कोणी वर्णन लिहून ठेवले असेल तर तेही वाचते. नसेल तर ‘चित्र’ एवढेच उच्चारून पुढे जाते. शिक्षकांनी वहीच्या पानाचे छायाचित्र काढून मोबाइलवर धाडले, तर सारे पानच त्या मुलाच्या लेखी मुके होते.

दहावीच्या भूगोलाच्या परीक्षेत दृष्टिहीन विद्यार्थ्यांस नकाशाच्या प्रश्नाऐवजी पर्यायी प्रश्न मिळतो. ही सोय न्याय्यच आहे. परंतु परीक्षेने नकाशातून सूट दिली, म्हणून शिक्षणानेही ती द्यावी काय?

आमच्याच जिल्ह्याचा नकाशा घेऊ. धडा नद्यांचा असेल, तर इतके लिहिणे पुरे आहे : ‘गोदावरी जिल्ह्याच्या दक्षिण भागातून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते, वायव्येकडून येणारी पूर्णा दुधनेस सामावून घेऊन पूर्णा तालुक्यात गोदावरीस मिळते.’ धडा प्रशासनाचा असेल, तर याच नकाशाखाली नऊ तालुके आणि त्यांची परस्परांपासूनची दिशा सांगावी लागेल. आलेख असेल तर त्यातील आकडे कोष्टकात द्यावेत. केवळ शोभेची वेलबुट्टी असेल तर मौन पाळावे. चित्रात काय दिसते याहून ते तेथे का छापले आहे, हे महत्त्वाचे. आणि ते तंत्रज्ञास नव्हे, धडा लिहिणारास व शिकविणारास ठाऊक असते. म्हणूनच हे वर्णन पुस्तक घडत असतानाच लिहिले गेले पाहिजे.

आम्हीही एके काळी फळ्यापुढे उभे राहून, ‘ही पाहा नदी, येथून निघाली आणि अशी वळली,’ असे शिकविले आहे. त्या ‘येथून’मध्ये आणि ‘अशी’मध्ये न पाहणाऱ्या मुलासाठी काहीच नसते, हे तेव्हा आमच्या ध्यानी आले नाही. त्याची खंत आज वाटते.

वर्गातील एखाद्या मुलासाठी एवढा खटाटोप कशाला, असे विचारणारे भेटतील. त्यांस आमचे उत्तर असे, की एकदा लिहिलेले वर्णन राज्यातील प्रत्येक शाळेस पुरते, आणि पुस्तक चालेल तितकी वर्षे पुरते. शिवाय ही कोणाच्या दयाबुद्धीची बाब उरलेली नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या ४२व्या कलमाने इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील मजकूर सुलभ स्वरूपात मिळेल अशी व्यवस्था करण्याचे दायित्व शासनावर टाकले आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी तर सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणे हा संविधानाच्या २१व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग ठरविला. वर्णनाने सर्व भागते असेही नव्हे. बोटांनी चाचपता येणारे उठावाचे नकाशे हवेतच. पण ते येईपर्यंत शब्दांनी का थांबावे?

बालभारतीने प्रत्येक नव्या पुस्तकातील चित्रांची वर्णने लेखकांकडूनच लिहवून घ्यावीत. जिल्हा परिषदेने शिक्षकांच्या प्रशिक्षणात या कामासाठी एक दिवस राखून ठेवावा. आणि आमच्या शिक्षक बंधुभगिनींनी पानाचे छायाचित्र धाडण्यापूर्वी त्याखाली चार ओळी टंकून पाठवाव्यात. त्यास ना अनुदान लागते, ना शासननिर्णय. पूर्णा गोदावरीस कोठे मिळते, हे पूर्णेच्या दृष्टिहीन मुलास ठाऊक असण्याचा तितकाच अधिकार आहे, जितका त्याच्या शेजारी बसणाऱ्या मुलास.