निवारागृहाचे नियम कोणासाठी?

रात्री दहा वाजता निवारागृहाच्या दारात उभ्या असलेल्या बाईला आपण पहिला प्रश्न कोणता विचारतो? अजूनही अनेक ठिकाणी तो असतो, ‘पोलिसांचं पत्र आणलंय का?’ पत्र नसेल तर तिला ठाण्यात पाठवले जाते आणि ठाण्यात बहुधा सकाळी यायला सांगतात. मधली रात्र तिने कुठे काढायची, एसटी स्टँडवर की ज्या घरातून ती निघाली त्याच घरात?

कायद्याने हा प्रश्न केव्हाच निकालात काढला आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ च्या कलम ६ नुसार पीडित स्त्रीने स्वतः किंवा तिच्या वतीने संरक्षण अधिकाऱ्याने वा सेवा देणाऱ्या संस्थेने विनंती केली की निवारागृहाने तिला जागा द्यायची असते. २००६ च्या नियमावलीतला नियम १६ आणखी स्पष्ट आहे. घटनेचा अहवाल आधी नोंदवलेला नाही म्हणून निवारा नाकारता येत नाही, आणि तिची इच्छा असेल तर तिचा ठावठिकाणा विरुद्ध पक्षाला कळवायचा नसतो. संरक्षण अधिकारी आणि अधीक्षिका यांना हा नियम माहीत असतो; रात्रपाळीच्या कर्मचारी ताईंना तो कोणी सांगितलेला नसतो, आणि दार त्याच उघडतात.

आपल्या कित्येक गृहांची शिस्त मुळात दुसऱ्याच कामासाठी घडली. १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याखाली न्यायालयाच्या आदेशाने पाठवलेल्या स्त्रियांसाठी ताबा, हजेरी, कुलूप आणि आदेशाशिवाय बाहेर सोडायचे नाही अशी ती व्यवस्था होती. पुढे नवऱ्याच्या मारहाणीतून सुटून स्वतःच्या पायांनी आलेली बाईही त्याच इमारतीत, त्याच रजिस्टरात दाखल होऊ लागली आणि तिच्यासाठी नियम मात्र बदलले नाहीत. ती सज्ञान आहे. तिने गुन्हा केलेला नाही. बाहेर जायला तिला अर्ज का लिहावा लागतो, याचे उत्तर आपल्यापाशी ‘तिच्याच सुरक्षिततेसाठी’ एवढेच असते. घरात तिला कोंडणारा माणूसही बऱ्याचदा हेच कारण देत असतो.

मोबाइलचेच घ्या. आत येताना तो काढून घेण्याची पद्धत सर्रास आहे. भीती खरी आहे: फोनवरून ठिकाण कळते, नवरा दारात येऊन उभा राहतो. पण फोन गेला की चार घरची धुणीभांडी गेली, बहिणीचा आधार गेला, बँकेचा ओटीपी गेला. फोन जप्त करण्यापेक्षा पहिल्याच दिवशी अर्धा तास तिच्याबरोबर बसावे. लोकेशन बंद करावे, गुगल खात्याचा पासवर्ड बदलावा, नवऱ्याच्या फोनवर तिचे खाते चालू आहे का हे पाहावे, शक्य असेल तर नवे सिम घ्यावे. आधार आणि बँक खात्याला कोणाचा नंबर जोडला आहे, हेही त्याच बैठकीत विचारावे. पुष्कळदा तो नवऱ्याचा निघतो. तसे असेल तर तिने खात्यातून पाचशे रुपये काढले तरी त्याला संदेश जातो.

मुलांच्या शाळेतही असाच धोका असतो. दाखला मागायला जुन्या शाळेत गेले की नव्या शाळेचे नाव वडिलांपर्यंत पोहोचू शकते. शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या कलम ५ प्रमाणे दाखला यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश लांबवू किंवा नाकारू शकत नाही. मुख्याध्यापकांना हे दाखवून मूल आधी वर्गात बसवावे आणि दाखला कधी, कोणामार्फत मागवायचा हे आईशी बोलून मग ठरवावे.

मुलग्यांच्या वयाची अट मला सर्वांत अन्यायाची वाटते. स्वाधार गृह योजनेत मुली अठरा वर्षांपर्यंत आईजवळ राहू शकत, मुलगे मात्र आठ वर्षांपर्यंतच. त्यापुढच्या मुलाची रवानगी बालगृहात. आईला वाचवायला मध्ये पडून स्वतः मार खाल्लेला मुलगा तिच्याबरोबर घर सोडून येतो आणि इथे आपण त्याला तिच्यापासून वेगळे करतो. अशा वेळी कित्येक बाया दारातूनच परत फिरतात. योजनेच्या अटी आपल्या हातात नसतील, पण नव्या इमारतीचा आराखडा काढताना दोन कुटुंबखोल्या मागणे, आणि मुलाच्या वयामुळे किती जणी परतल्या याची नोंद ठेवून ती महिला व बालविकास विभागाकडे पाठवणे आपल्या हातात आहे. ही नोंद ठेवलीच जात नाही, आणि त्यामुळे अट बदलण्याची मागणी करायला आपल्याकडे पुरावा नसतो.

वन स्टॉप सेंटरमध्ये निवारा साधारण पाच दिवसांचा, इतर गृहांत काही महिन्यांचा. त्यामुळे ती बाहेर कुठे राहणार, हा विचार ती आत आल्याच्या दिवसापासून करावा लागतो. पण कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली अर्ज करताना आपण पोटगी मागतो आणि घराची मागणी मोघम ठेवतो. याच कायद्याच्या कलम १९ खाली दंडाधिकारी नवऱ्याला घर सोडायला सांगू शकतात, किंवा त्याच दर्जाच्या दुसऱ्या घराचे भाडे द्यायला लावू शकतात. कलम २३ खाली अंतरिम आदेशही मिळतो. घर सासऱ्याच्या नावावर आहे, हा बचाव आता सरसकट चालत नाही: १५ ऑक्टोबर २०२० रोजी सतीशचंद्र आहुजा विरुद्ध स्नेहा आहुजा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सामायिक घराची व्याख्या व्यापक करून आधीचा एस. आर. बत्रा निकाल बाजूला सारला. हा निकाल अर्जाला जोडावा. मात्र घरी परतण्याचा आदेश तिला हवा आहे का, तिथे जिवाला धोका आहे का, हे तिच्याकडूनच समजून घ्यावे. बाईने घर सोडल्यानंतरचे दिवस सर्वांत धोक्याचे असतात, हे या कामातल्या सर्वांनी पाहिले आहे. २००६ च्या नियमावलीतला सुरक्षा योजनेचा नमुना याचसाठी आहे. तो फायलीपुरता भरू नये, तिच्यासमोर बसून तिच्याच शब्दांत भरावा.

हे सगळे तुटपुंज्या आणि वेळेवर न येणाऱ्या मानधनावर, एकाच समुपदेशकाच्या भरवशावर करायचे असते, याची पूर्ण जाणीव ठेवून हे लिहितो आहोत. मानधनाचा मुद्दा आम्ही लावून धरणारच आहोत. तोवर आपापल्या गृहाची प्रवेश नियमावली काढा आणि तिथे राहणाऱ्या बायांना एकत्र बसवून वाचून दाखवा. कोणता नियम कशासाठी आहे हे त्यांना सांगा; कोणता त्यांना जाचतो ते विचारा आणि लिहून ठेवा. नावे, गाव आणि ओळख पटेल असा कोणताही तपशील काढून त्या नोंदी आम्हाला पाठवा. पुढच्या अंकांत त्यावर सविस्तर लिहायचे आहे.