पित्ताची गोळी : सुरू होते, थांबत मात्र नाही

औषधाच्या दुकानात 'पित्ताची गोळी' मागितली, तर चिठ्ठी क्वचितच विचारली जाते. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल ही औषधे वास्तविक 'शेड्यूल एच' या वर्गातील, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई असलेली. वेष्टनावर तशी सूचनाही छापलेली असते. प्रत्यक्षात वेदनाशामक गोळ्यांसोबत सवयीने लिहून दिलेली ही गोळी मूळ दुखणे गेल्यावरही घरात चालू राहते. ती कधी थांबवायची, हे ठरविणारा कोणीच नसतो, ही खरी अडचण आहे.

१९८८ मध्ये ओमेप्राझोल बाजारात आले आणि जठरव्रणाच्या उपचारांचे स्वरूप पालटले, हे निर्विवाद. जठरात आम्ल सोडणारे 'पंप' ही औषधे बंद पाडतात. हे पंप जेवणाच्या वेळी कार्यरत होत असल्याने गोळी खाण्यापूर्वी अर्धा ते एक तास घ्यावी लागते. भरपेट जेवणानंतर जळजळ सुरू झाल्यावर ती घेतल्यास फारसा उपयोग होत नाही. मग गुण येत नाही म्हणून मात्रा दुप्पट केली जाते!

व्रणासाठी बहुधा चार ते आठ आठवड्यांचा उपचार पुरतो. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूमुळे व्रण झाला असल्यास प्रतिजैविकेही घ्यावी लागतात. नुसते आम्ल दाबून तो पुन्हा उद्भवू शकतो.

गोळी सुटत का नाही, याचे एक उत्तर डेन्मार्कमधील २००९ च्या अभ्यासात सापडते. पित्ताचा कोणताही त्रास नसलेल्या १२० निरोगी व्यक्तींपैकी निम्म्यांना आठ आठवडे इसोमेप्राझोल देण्यात आले. औषध बंद केल्यावर त्यांच्यातील ४४ टक्के लोकांना आम्लपित्ताची लक्षणे जाणवली. खोटी गोळी घेतलेल्यांत हे प्रमाण १५ टक्के होते. दाबलेले आम्ल काही काळ उसळी घेते. रुग्ण मात्र त्याला जुना आजार समजून पुन्हा दुकान गाठतो. म्हणूनच दीर्घकाळ चाललेली गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने टप्प्याटप्प्याने कमी करणे श्रेयस्कर ठरते.

दीर्घ वापराच्या दुष्परिणामांबाबत अतिशयोक्तीही कमी नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १७ हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत सुमारे तीन वर्षे पँटोप्राझोल घेणाऱ्यांत आतड्याचे संसर्ग तेवढे अधिक आढळले. तथापि, त्याच वर्षी भारताच्या औषध महानियंत्रकांनी मूत्रपिंडाला अचानक इजा होण्याच्या शक्यतेचा इशारा माहितीपत्रकात देण्यास सांगितले. ब-१२ जीवनसत्त्व आणि मॅग्नेशियमची कमतरता हाही नोंदलेला धोका आहे. शाकाहारी व्यक्तींत ब-१२ मुळातच कमी असते, हे येथे लक्षात घ्यावयास हवे. हृदयरुग्णांच्या क्लोपिडोग्रेल या औषधाचा परिणाम ओमेप्राझोलमुळे घटतो, तेव्हा ही दोन्ही एकत्र घेणे टाळावे.

आपल्याकडे लोकप्रिय असलेल्या संयुक्त कॅप्सूलमध्ये तर डॉम्पेरिडोनही असते. हृदयाची लय बिघडण्याच्या जोखमीमुळे युरोपीय औषध नियामकाने २०१४ मध्ये त्याचा वापर सर्वसाधारणपणे एका आठवड्यापुरता मर्यादित केला. येथे ते महिनोन्महिने घेतले जाते, आणि घेणाऱ्याला त्याचे नावही ठाऊक नसते.

अर्थात, ज्यांना पूर्वी व्रणातून रक्तस्राव झाला आहे आणि अॅस्पिरिन चालू आहे, त्यांनी ही गोळी परस्पर बंद करू नये. काळी शौचास होणे, रक्ताची उलटी, गिळताना अडथळा किंवा अकारण वजन घटणे यांपैकी काहीही आढळल्यास दुकानातून आणखी एक पाकीट न आणता थेट डॉक्टरांकडे जाऊन तपासणी करून घ्यावी.