मोटारीची नाडी कोणाच्या हाती?

२०१२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्याच्या फीनिक्स शहरात निसान लीफ या विजेवर चालणाऱ्या मोटारीचे मालक चिंतेत पडले. या गाडीच्या डॅशबोर्डवर बॅटरीची क्षमता दर्शविणाऱ्या बारा रेघा असतात; त्यांतील एकेक विझू लागली होती. गाड्या काही जुन्या नव्हत्या, कारण लीफ बाजारात आली तीच मुळी २०१० च्या डिसेंबरात. पेट्रोलच्या मोटारीची टाकी दहा वर्षांनीही तेवढीच राहते. ही टाकी मात्र आकसत होती. बॅटरी थंड राखण्याची खास यंत्रणा या गाडीत नव्हती आणि वाळवंटातला उन्हाळा तिला मानवला नाही. प्रकरण न्यायालयात गेले. अखेरीस पाच वर्षे अथवा साठ हजार मैल यांच्या आत नवाहून कमी रेघा उरल्यास बॅटरी दुरुस्त करून वा बदलून देण्याची हमी कंपनीने दिली.

या वादात बहुतेक मालकांपाशी पुरावा होता तो केवळ या रेघांचा. आणि रेघ हे माप किती ढोबळ असावे! पहिली रेघ विझते ती सुमारे पंधरा टक्के क्षमता गेल्यावर, आणि पुढची प्रत्येक सुमारे सव्वासहा टक्क्यांना. म्हणजे बाराच्या बारा रेघा झळकत असतानाही चौदा टक्के क्षमता नाहीशी झालेली असू शकते. गाडीतल्या संगणकाला याहून पुष्कळ बारीक हिशेब ठाऊक असतो. तो मालकाला सांगितला जात नाही, एवढेच.

हा हिशेब पुढे मालकांच्या हाती आला तो काडेपेटीएवढ्या एका अ‍ॅडॅप्टरमुळे. स्टिअरिंगखाली सोळा टाचण्यांची एक खाच असते. अमेरिकेत १९९६ पासूनच्या मोटारींना ती सक्तीची झाली, आणि तिचा मूळ हेतू धुराच्या प्रदूषणावर नजर ठेवण्याचा. धूरच नसलेल्या गाडीत ती अशी उपयोगी पडावी, ही मौजच म्हणावयाची. अ‍ॅडॅप्टर या खाचेत बसवावा, तो ब्लूटूथने टॅबलेटशी जोडावा आणि लीफस्पाय नावाचे अ‍ॅप उघडावे. कंपनीने न सांगितलेली संदेशांची भाषा हौशी मंडळींनी उलगडली, तिच्या आधाराने हे अ‍ॅप बॅटरीशी बोलते. जुन्या लीफच्या बॅटरीत १९२ घट असतात. दोन-दोन घटांच्या ९६ जोड्या एकामागून एक गुंफलेल्या. पडद्यावर या शहाण्णवही जोड्यांचे व्होल्टेज स्तंभांच्या रूपाने उभे राहते. चार्ज उतरत आला असताना अ‍ॅक्सिलरेटर जोराने दाबला की दुबळी जोडी इतरांपेक्षा खोल बुडते आणि तत्काळ ओळखू येते. साखळीचे बळ तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतके, हे येथे डोळ्यांनी पाहता येते. खेरीज बॅटरीचे तापमान, तिची उरलेली टक्केवारी, जलद चार्जिंग किती वेळा झाले, हेही कळते. जुनी गाडी घेऊ पाहणाऱ्याला यातला प्रत्येक आकडा मोलाचा.

तथापि आकडा दिसला म्हणजे सत्य हाती आले, असे समजण्याचे कारण नाही. न्यूझीलंडमध्ये जपानहून आलेल्या जुन्या लीफ पुष्कळ आहेत. तेथील ‘फ्लिप द फ्लीट’ या उपक्रमाने मालकांनी अशाच साधनांनी घेतलेल्या नोंदी एकत्र केल्या आणि २०१८ मध्ये २८३ गाड्यांचा अभ्यास मांडला. ३० किलोवॅट-तासांच्या नव्या बॅटऱ्या जुन्या २४ च्या बॅटऱ्यांपेक्षा फारच वेगाने खंगत आहेत, असे त्यातून दिसले. त्याच वर्षी कंपनीने खुलासा केला की, दोष बॅटरीचा नसून तिची क्षमता मोजणाऱ्या प्रोग्रॅमचा आहे. तो दुरुस्त करताच आकडे वर चढले. टॅबलेट स्वतः काही मोजीत नाही. गाडीचा संगणक जो अंदाज बांधतो, तोच तो वाचून दाखवितो. परंतु मालकांनी वाचलेच नसते, तर ही चूक किती काळ दडून राहिली असती?

कंपन्यांचा ठरावीक आक्षेप सुरक्षिततेचा असतो. तो सर्वस्वी पोकळ नाही. बाजारात नकली अ‍ॅडॅप्टरांचा सुकाळ आहे आणि त्यांतील कित्येकांना धड संकेतशब्दही नसतो. असा अ‍ॅडॅप्टर कायम खाचेत ठेवून देणे म्हणजे दाराला किल्ली लावून बाहेरगावी जाणे. काम होताच तो काढून ठेवावा. शिवाय काही अ‍ॅप वाचण्याबरोबर गाडीतली मांडणी बदलूही शकतात, तिथे अर्धवट माहितीच्या माणसाने हात घालू नये. पण बंद दारे सुरक्षित असतात, हे तरी कोठे खरे आहे? २०१६ मध्ये लीफसाठी निसानचेच अधिकृत अ‍ॅप काही काळ बंद ठेवावे लागले. कारण गाडीचा क्रमांक ठाऊक असलेल्या कोणालाही तिची वातानुकूलन यंत्रणा दूरवरून चालविता येत होती.

वाचणे आणि बदलणे यांत भेद करणे, हाच यावरचा उपाय. युरोपीय संघाने २०२३ च्या बॅटरी-कायद्यात तो केला. १८ ऑगस्ट २०२४ पासून विजेच्या वाहनाच्या बॅटरीची प्रकृती दर्शविणारी माहिती तिच्या नियंत्रकात असलीच पाहिजे आणि ज्याने ती रीतसर विकत घेतली त्याला ती केवळ वाचण्यापुरती खुली असली पाहिजे, असा दंडक आहे.

लीफ आपल्याकडे रीतसर विक्रीला आली नाही. पण विजेच्या मोटारी आल्या आहेत, आणि चंद्रपूर-अकोल्याचा मे महिना फीनिक्सची आठवण करून देणारा आहे. पगारदार माणूस नवी मोटार सहसा घेत नाही, तो दुसऱ्या हाताची घेतो. विजेच्या गाडीच्या किमतीतला मोठा वाटा बॅटरीचा असतो. तिची प्रकृती त्याने विकणाऱ्याच्या तोंडून ऐकावयाची आणि त्यावर भविष्यनिर्वाह निधीतले पैसे मोजावयाचे, हा कुठला न्याय? आपल्याकडे २०२२ च्या नियमांनी टाकाऊ बॅटऱ्यांची विल्हेवाट कोणी लावावी ते ठरविले. म्हणजे मेलेल्या बॅटरीची सोय झाली. जिवंत बॅटरीची नाडी पाहण्याचा हक्क तेवढा ग्राहकाला हवा आहे. केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्याने त्याच वर्षी दुरुस्तीच्या हक्काची चर्चा सुरू केली, तीत हे कलम सहज बसते. आणि परिवहन कार्यालयात वाहन नावावर करताना नमुना २९ व ३० भरून द्यावे लागतात. विजेच्या वाहनापुरता त्यांत एक रकाना वाढवावा, हस्तांतराच्या दिवशी गाडीच्या संगणकाने दाखविलेल्या बॅटरीच्या टक्केवारीचा, आणि त्याखाली विकणाऱ्याची सही घ्यावी.