जुनी मोटार : दुरुस्ती की निरोप?
बारा वर्षे वापरलेल्या मोटारीच्या क्लच-सस्पेन्शनसाठी मेकॅनिकने २५ हजारांचा अंदाज दिला, की त्याच संध्याकाळी घरात नव्या गाडीचा विषय निघतो. ‘गाडीची किंमत ती काय, आणि तिच्यावर एवढा खर्च?’ हा युक्तिवाद मात्र फसवा आहे. जुन्या गाडीला भाव किती येईल, ही चिंता विकणाऱ्याची. वापरणाऱ्याने दुरुस्तीची तुलना करावी ती नव्या गाडीचे वर्षभराचे हप्ते, वाढीव विमा आणि घसारा यांच्याशी. विम्याच्या कोष्टकात पाचव्या वर्षी गाडीचे मूल्य निम्मेच धरले जाते! त्यापुढे २५ हजार किरकोळ ठरतात.

गंजाची गोष्ट निराळी. किनाऱ्यावरील शहरांत खाऱ्या हवेने चॅसिस पोखरली असेल, तर अपघातात प्रवाशांना वाचविणारा सांगाडाच दुबळा झालेला असतो. तेथे काटकसर नको.

पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण तपासणीअंती पाच वर्षांसाठी होते. त्याचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. (दिल्ली परिसराचे नियम वेगळे.) म्हणून चौदाव्या वर्षी इंजिन उघडण्यापूर्वी गाडी त्या तपासणीत उत्तीर्ण होईल का, हे मेकॅनिकला स्पष्ट विचारावे.